टायर आतून खाल्ला होता

गाडी साठच्या पुढे गेली की पुढून घूं घूं आवाज यायला लागला. ज्यानं ऐकला त्यानं बेअरिंगवर बोट ठेवलं. मला आधी टायर बघायचे होते, कारण सरळ रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढत होती.

उभ्या गाडीचे टायर बाहेरून ठीकच दिसतात. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतली कड नजरेला पडते. बाहेरच्या अंगाला नक्षी भरपूर आणि आतल्या कडेला टायर पार गोटा, दोन्हीकडे तेच! हात फिरवला तर एका दिशेनं गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखं बोटांना लागायचं. आवाज तिथला होता.

कोरेगाव रोडवरच्या मेस्त्रींना म्हटलं, अलाइनमेंट करून द्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवून द्या. ते म्हणाले, "ताई, अलाइनमेंट मागनं. आधी गाडी वर घेऊ." चाक उचलून डाव्या-उजव्या बाजूनं धरून हलवलं, तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, सैल होता. वर-खाली धरून हलवलं तर घट्ट, म्हणजे बॉल जॉइंट (आर्म चाकाला जोडणारा सांधा) आणि बेअरिंग ठीक. लोअर आर्मचा, म्हणजे चाक खालून धरून ठेवणाऱ्या दांड्याचा, रबरी बुश मात्र फाटलेला. हे पार्ट सैल ठेवून अलाइनमेंट केलं, तर मशीनवर आकडे बरोबर येतात आणि रस्त्यावर चाक पुन्हा हलतं. पैसे वाया जातात ते इथे. हे एवढं तपासून घेतल्याशिवाय कुणी गाडी मशीनवर चढवूच नये, असं माझं ठाम मत झालंय.

पार्ट बदलल्यावर मशीन लावलं. पुढची चाकं समोरच्या बाजूला बाहेर फाकली होती. याला टो-आउट म्हणतात. असं चाक नुसतं फिरत नाही, थोडं घासत जातं आणि आतली कड खातं. टो जुळवला, चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणारं बॅलन्सिंग केलं, आधीचे-नंतरचे आकडे कागदावर मागून घेतले.

हवा कमी-जास्त असल्यानं होणारी झीज वेगळी दिसते: कमी हवेनं दोन्ही कडा जातात, जास्त हवेनं मधला पट्टा. जागोजागी खळगे पडले तर शॉकअप बघावेत. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, आणि मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना. यवतेश्वर घाट उतरून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो. तेवढ्यावरून हवा सोडायची नाही.

खोबणीत बारीक उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरची कायद्याची मर्यादा दाखवतात. आतल्या कडेला रबर त्यांच्याही खाली गेलं होतं, म्हणून दोन टायर नवे घेतले. टायर कधी बनला ते सांगणारे बाजूवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

दुकानातला मुलगा नवे टायर पुढे घालत होता. मी मागे घालायला लावले आणि मागचे, एकसारखे झिजलेले, पुढे घेतले. साताऱ्याच्या पावसात घाटातल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं फार अवघड. पुढची घसरली तर वेग कमी करून निदान काही करता येतं.

जुने दोन्ही टायर तिथेच कापायला लावले. बाहेरून चांगले दिसत होते. कुणी सेकंडहँड म्हणून घेतले असते.