बाबांची सीडी हंड्रेड विजेवर : मीटर ४१२ किलोमीटर

मागची नोंद ९६ किलोमीटरवर थांबली होती. तेव्हा गाडी मागचं चाक काढून विटांवर उभी होती आणि मी घरात कोणाशी धड बोलत नव्हतो. आता मीटर ४१२ दाखवतोय, म्हणजे मधलं सगळं सांगायला हरकत नाही.

नव्यांसाठी थोडक्यात. गाडी बाबांची, १९९२ची हीरो होंडा सीडी हंड्रेड. इंजिन काढून माळ्यावर ठेवलंय. ते विकायचा विषय काढला की बाबा पेपर वाचायला घेतात. मागच्या चाकात २ किलोवॅटची बीएलडीसी हब मोटर आहे आणि इंजिनाच्या जागी पत्र्याच्या पेटीत लिथियम आयर्न फॉस्फेटचे २० सेल, एकामागे एक जोडलेले. ६४ व्होल्ट, ४० अँपिअर-तास, म्हणजे अडीच युनिटला जरा वर. मी मुद्दाम युनिटमध्ये सांगतो, कारण ती भाषा विजेच्या बिलामुळे घराघरात कळते. पेट्रोलच्या एका लिटरात साधारण ९ युनिट ऊर्जा असते. थोडक्यात, आमच्या 'टाकी'त पाव लिटरहून किंचित जास्त पेट्रोल मावतं म्हणा. तेवढ्यावर ही गाडी किती जाते ते पुढे येईलच.

दरवेळी कोणीतरी विचारतं म्हणून तेही आधीच. गाडी रस्त्यावर नेत नाही. इंजिन काढून मोटर बसवणं हा वाहनातला मूळ बदल आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याला लागू होतं, आणि किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते. २५० वॅटच्या आतल्या, ताशी २५च्या पुढे न पळणाऱ्या गाड्यांना सवलत आहे, पण आमची त्यात कुठे बसते? आमच्या इंदूरहून तासाभरावर पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, आणि आम्ही मात्र मामांच्या गोदामाच्या आवारात, ८२० मीटरच्या सिमेंटच्या फेऱ्यावर घाण्याच्या बैलासारखे फिरतोय. ४१२ किलोमीटर म्हणजे पाचशेवर फेऱ्या. गोदामाचा चौकीदार आता मोजत नाही.

तर ९६ किलोमीटरवर काय झालं. हब मोटरमध्ये चाक फिरतं आणि आस स्थिर राहतो. मोटर चाकाला जितक्या जोराने पुढे ढकलते, तितक्याच जोराने आस उलटा फिरायला बघतो. त्याला धरून ठेवायला आसाच्या दोन सपाट बाजू आणि त्यावर घट्ट बसणारी पट्टी, म्हणजे टॉर्क आर्म, एवढंच असतं. माझी पट्टी ४ मिलिमीटरची होती आणि भोक कानशीने घासून केलेलं, म्हणजे अंमळ सैलच. साध्या चालवण्यात ते निभावलं असतं. पण मी हौसेने रीजन ब्रेकिंग चालू केलं, म्हणजे ब्रेक लावताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत भरते ते. पुढे जाताना आसाला एका बाजूने पीळ, ब्रेक लावताना दुसऱ्या बाजूने. असा आलटूनपालटून हिसका बसला की कितीही आवळलेला नट सैल होतो. आस पाव फेरा फिरला आणि पोकळ आसातून बाहेर येणारी तारांची जुडी पिळवटली.

गाडी आधी थरथरली, मग गचके खाऊ लागली, मग उभी राहिली. मल्टिमीटर घेऊन बसलो. चाक कुठवर फिरलंय ते सांगणाऱ्या हॉल सेन्सरच्या पाच तारा: लाल आणि काळी पुरवठ्याच्या, पिवळी, हिरवी, निळी संकेताच्या. चाक हाताने हळूहळू फिरवलं की या तिन्हींवर व्होल्टेज वरखाली व्हायला हवं. निळी ढिम्म. तुटली होती. मोटर उघडायची वेळ आलीच तर एक सांगून ठेवतो: आतले चुंबक झाकण परत ओढून घेतात, तेव्हा पुलर वापरा आणि बोटं मध्ये ठेवू नका. माझ्या डाव्या करंगळीचं नख आत्ता कुठे येतंय.

नवी पट्टी १० मिलिमीटरची, पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमधून कापून आणली. तिथल्या काकांनी ड्रॉइंग पाहिलं, आसाचं माप स्वतः पुन्हा घेतलं आणि म्हणाले, "हाताने बसली तर परत आण, हातोडीने बसली पाहिजे." हातोडीनेच बसली. नटावर आणि आसावर मिळून पिवळ्या ऑइलपेंटची एक रेघ ओढलीय. रेघ तुटलेली दिसली की नट हलला, असा हिशेब. तीनशे किलोमीटर झाले, रेघ सलग आहे. रीजनही परत चालू केलंय, पण निम्म्यावर.

आता आमच्या विजेच्या गाड्यांच्या क्लबचं. नऊ जण आहोत. पैकी चौघांकडे कंपनीची इलेक्ट्रिक स्कूटर आहे, दोघांनी सायकलला मोटर लावलीय आणि उरलेले आजूबाजूला उभं राहून सल्ले देतात. क्लबला नाव ठेवायचं अजून राहिलंय, लोकांनी मात्र नावं ठेवून झाली. पहिल्या दोन बैठका पोहे-जलेबी आणि नाव यातच गेल्या. तिसऱ्या बैठकीत मी कॅलिफोर्नियातल्या इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशनची गोष्ट सांगितली. १९६७मध्ये वॉल्टर लास्की यांनी ती सुरू केली, तेव्हा दुकानात विकत मिळेल अशी विजेची गाडी जवळजवळ नव्हतीच. जुन्या गाड्यांमध्ये लेड-ॲसिड बॅटऱ्या भरून लोक एकमेकांना दाखवायचे. माझं म्हणणं इतकंच की आपणही दाखवूया. ठरलं: गणपतीत राजेंद्रनगरच्या मांडवाशेजारी गाडी उभी करायची, पत्रकं वाटायची, आणि मागच्या बंदिस्त मैदानात परवानगी घेऊन ज्याला हवी त्याला एक चक्कर.

पत्रकावर मी ठळक अक्षरांत '१०० किमी' छापलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्याबद्दल पुढे.

गाडी मांडवापर्यंत न्यायची कशी, तर लोडिंग रिक्षातून. पहिल्या दिवशी मिळाली ती डिझेलची. विजेच्या गाडीचा प्रचार करायला निघालेलो आम्ही, काळा धूर सोडत फूटी कोठीच्या चौकातून गेलो. क्लबमधल्या एकाने त्याचा व्हिडिओ काढलाय आणि तो अजून डिलीट करत नाही.

मांडवात गाडी मेनस्टँडवर, मागचं चाक अधांतरी. पोरं ॲक्सिलरेटर पिळत होती, चाक गरगरत होतं, सगळे खूश. मग एक काका पुढे आले. चांगले नव्वद किलोचे. "स्टँडवर काय, माझी मिक्सरही पळते. मला बसव." मैदानात उतरले, दोन फेऱ्या झोकात घेतल्या, आणि मैदानातून वर येणाऱ्या चढावर गाडी एकदम बंद. मीटरवर बॅटरीच्या पाचपैकी चार दांड्या भरलेल्या. चावी बंद करून चालू केली की पुन्हा सुरू, चढ आला की पुन्हा बंद. काका उतरले आणि जाहीर केलं, "अरे, ही माझ्यासारखीच आहे. चढाला दम लागतो." त्या संध्याकाळी चाळीस पत्रकं गेली आणि सदस्य एकही झाला नाही.

बीएमएसच्या, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटच्या, ॲपमध्ये कारण लगेच दिसलं. सात नंबरचा सेल. जोर पडला की बाकीचे ३.१ व्होल्टवर आणि हा २.७च्या खाली, मग बीएमएस सगळ्यांचाच पुरवठा तोडणार. ते त्याचं कामच आहे. सात नंबरला साडेसाती. मी ठरवून टाकलं की सेल खराब निघाला, आणि ज्याने विकला त्याला मनातल्या मनात (आणि ग्रुपवरही, कबूल करतो) चार शब्द सुनावले.

परतीला मिळाली बॅटरीवरची लोडिंग रिक्षा. चालवणारा माणूस तीन वर्षं हेच करतोय, सियागंज ते पालदा, दिवसाला पाच-सहा खेपा. गाडी चढवताना त्याने पेटीकडे बघून विचारलं, "भिया, ये चढ़ाई पे बैठ जाती है क्या?" मी म्हटलं, एक सेल गेलाय. तो हसला. त्याच्या गाडीत १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या. दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर घालतो, आणि रोज रात्री चार्जिंगला लावण्याआधी चारही बॅटऱ्यांना आणि त्यांच्या टोकांना उलटा हात लावून बघतो. "हाथ लगा के देखो भिया, जो गरम निकले वोई चोर."

मी हे वाचलं होतं, इतरांना सांगितलंही होतं. केलं कधीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोदामात दहा फेऱ्या जोरात मारल्या, मेन स्विच बंद केला, अंगठी-घड्याळ काढून पेटी उघडली. ६० व्होल्टच्या वरचा डीसी म्हणजे थट्टा नव्हे, त्यामुळे टोकांना हात न लावता आधी इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला. सात नंबरचा सेल बाकीच्यांइतकाच कोमट. पण सात आणि आठला जोडणारी पट्टी तापलेली. नट अर्धा फेरा सैल, खाली ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पांढुरका थर. बीएमएसची मोजणीची तार त्या पट्टीच्या पलीकडे लावलेली, म्हणून जोडात पडणारं व्होल्टेज सेलच्या खात्यावर मांडलं जात होतं. ५० अँपिअरला ०.४ व्होल्ट पडत होते, म्हणजे तेवढ्याशा जागेत २० वॅट. छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता, तीही प्लास्टिकच्या शेजारी! बॅटरी पेटायला सेलच वाईट असावा लागतो असं नाही.

पॉलिश पेपरने घासलं, पुसलं, टॉर्क पान्याने सगळे नट आवळले. साध्या पान्याने अंदाजाने आवळू नका: सैल राहिला तर हे होतं, जास्त आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. सात नंबर आता बाकीच्यांच्या बरोबरीने चालतो. ग्रुपवर विकणाऱ्याबद्दल लिहिलेलं काढलं आणि त्याला फोनही केला. दोष माझ्या पान्याचा होता.

दांड्यांबद्दलही ओघात आलंच. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं. २० टक्के उरली काय नि ८० टक्के उरली काय, वीस सेल मिळून दोन-तीन व्होल्टचा फरक, आणि ॲक्सिलरेटर पिळला की तेवढं व्होल्टेज तसंही खाली बसतं. त्यामुळे व्होल्टेजवर चालणाऱ्या दांड्या म्हणजे कुडमुड्या जोशाचं भविष्य. आता शंट लावलाय. किती अँपिअर-तास आत गेले, किती बाहेर आले, याची तो सरळ वजाबाकी ठेवतो. त्यावरून निघालेले आकडे, पहिले दोन मी एकटा बसलेला असताना:

ताशी ३५ला किलोमीटरमागे २२ वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). ताशी ५०ला ३२. नव्वद किलोचे काका मागे बसवून ताशी ३५ला २७. (काका परत आले. हट्टाने आले.)

म्हणजे वापरण्याजोगी २३०० वॅट-तास धरली तर ३५च्या चालीने शंभर किलोमीटर आणि ५०च्या चालीने सत्तर. पत्रकावरचा शंभरचा आकडा असा होता: निम्मा खरा, आणि कोणत्या अटीवर ते न सांगितलेला. नव्या पत्रकावर 'किती किमी जाते' हे लिहिलेलंच नाही. त्याऐवजी शंटचा मीटर हँडलवर बसवलाय आणि जो चालवेल त्याने किलोमीटरमागे किती वॅट-तास लागले तो आपला आकडा आपल्या हाताने पत्रकावर लिहून घरी न्यायचा. अनंत चतुर्दशीच्या आधीच्या रविवारी एकवीस जणांनी लिहिला. सर्वांत कमी, १९, एका आजींचा. त्यांनी ताशी वीसच्या वर जायला साफ नकार दिला होता. सर्वांत जास्त त्यांच्या नातवाचा. चौघांनी क्लबमध्ये नावं दिली. गाडी या वेळी ठरवूनच बॅटरीच्या लोडिंगमधून नेली होती, त्याच माणसाच्या.

सगळे आपापले आकडे लिहीत होते तेव्हा तो बाजूला उभा राहून बघत होता. मग म्हणाला, हे माझ्या गाडीला लागेल का? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात हिशेब शिरला. आमच्या नऊ जणांच्या मिळून वर्षाच्या किलोमीटरपेक्षा हा माणूस एकटा जास्त विजेवर चालतो. आणि राजवाड्यापाशी असे किती उभे असतात! आम्ही क्लब काढला आणि त्यांच्यापैकी एकालाही बोलावलं नाही. बोलावलं ते फक्त भाडं ठरवायला.

मीटर काढून त्याच्या रिक्षाला लावून दिला. पहिल्या दिवसाचे आकडे त्याने फोटो काढून पाठवले: रिकामी ४६, भरलेली ७१. शिवाय संध्याकाळी पालद्याहून परत येताना एक बॅटरी बाकी तिघींपेक्षा लवकर खाली जाते, हेही त्याने चार दिवसांत पकडलं, आणि कुठली ते हात लावून आधीच ओळखलेलं होतं.

पुढची कामं: पेटीला खालून पाणी अडवणारी रबराची पट्टी, पुढचा ड्रम ब्रेक (बॅटरी-मोटरचं वजन त्याला पेलत नाही), आणि चालू करताना पडणाऱ्या ठिणगीसाठी प्रीचार्ज रेझिस्टर, जो मी चार महिने 'उद्या लावतो' म्हणतोय. क्लबची बैठक या वेळी रिक्षावाल्यांच्या रात्रीच्या चार्जिंग शेडमध्ये आहे, पोहे त्यांच्याकडून.

गाडी सध्या शंटच्या मीटरशिवाय आहे. काल परत मागितला तर रिक्षावाला म्हणाला, "अगले इतवार, भिया. अभी दूसरे वाले की गाड़ी में लगा है."