मावशीची पावती
आज दुपारी मावशीकडे गेले होते. तिचं घरगुती मसाल्यांचं छोटं दुकान आहे. वहीत जपून ठेवलेली एक पावती तिने दाखवली: 'एसईओ पॅकेज, १८,००० रुपये'. एसईओ म्हणजे गूगलच्या शोधात दुकान वर आणायचं काम. "गूगलकडून बोलतोय, पैसे भरले नाहीत तर दुकान नकाशावरून जाईल," असा फोन आला होता. वर पहिल्या नंबरची हमी.

आणि पहिला नंबर दाखवलाही, दुकानाचं पूर्ण नाव टाकून! त्या नावाचं दुसरं दुकानच नाही, मग दुसरं येणार कोण? मी नुसतं 'कांदा लसूण मसाला' आणि गावाचं नाव टाकलं, तर मावशीचा पत्ताच नाही.

गूगलवर दुकानाची नोंद फुकट होते. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं.

खरा संताप पुढे आला. नोंदीची मालकीच त्या फोनवाल्यांच्या ईमेलवर! गिऱ्हाइकांनी प्रेमाने लिहिलेले अभिप्राय मावशीचे, किल्ली मात्र त्यांच्या हातात.

मालकी परत मागायचा अर्ज दोघींनी बसून भरला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रारही केली. पावती घडी घालून वहीत ठेवताना मावशी एवढंच म्हणाली, "दिवाळीच्या मिरच्या भरायला ठेवले होते गं हे पैसे."