आमची वाटचाल : अर्काचा धंदा आणि इम्युनिटीची हवा

आमचं काम तसं साधं, वनस्पतींचे अर्क काढायचे, वाळवायचे आणि औषधं बनवणाऱ्यांना पुरवायचे. सुरुवातीला एक स्टीलचं भांडं, एक फिल्टर आणि वाळवायचं काम बाहेरून करून घ्यायचो. मग २०२० मध्ये कोविड आला आणि सगळ्यांना एकदम इम्युनिटीच पाहिजे झाली, तेव्हाच स्वतःचा स्प्रे ड्रायर घेतला, म्हणजे अर्क गरम हवेत फवारून त्याची पावडर करणारं यंत्र.

गिऱ्हाईक पहिलं विचारतं रेशो किती, १०:१ म्हणजे दहा किलो सुक्या मालातून एक किलो अर्क, पण कशात काढला हे कोणी विचारत नाही आणि खरी गोम तिथेच आहे. गुळवेल गरम पाण्यात उकळली की पॉलिसॅकराईड, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, उतरतात, लॅबमध्ये मॅक्रोफेज पेशींना (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) चेतवतात ते मुख्यतः हेच, आणि कडक अल्कोहोलमध्ये काढली तर ते विरघळतच नाहीत, दुसरीच द्रव्यं येतात. नाव एकच, माल दोन.

मग सगळे पॉलिसॅकराईडचे टक्के छापायला लागले. ते मोजायची नेहमीची टेस्ट फिनॉल आणि सल्फ्युरिक ॲसिडची, नारिंगी-पिवळा रंग येतो, रंग किती गडद ते ४९० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं. पण या टेस्टला साखर कुठली ते कळत नाही हो! पावडर चिकटू नये म्हणून ड्रायरला देताना माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, घालतात तेही त्यात मोजलं जातं, म्हणजे भर जितकी जास्त तितका आकडा भारी. एकाने दुसरीकडचं सॅम्पल आणून विचारलं, यांचा आकडा तुमच्यापेक्षा एवढा जास्त कसा, मी चिमूटभर जिभेवर ठेवलं तर कडूपणा जवळपास नाहीच, गोडसर पीठ. ऑर्डर तिकडेच गेली, असो.

आता आमच्या प्रत्येक बॅचच्या रिपोर्टवर माल्टोडेक्स्ट्रिन किती ते वेगळं लिहितो. एंडोटॉक्सिनही तपासून घेतो, कारण जिवाणूंचा तो अंश अर्कात राहिला तरी मॅक्रोफेज चेकाळतात आणि श्रेय वनस्पतीला जातं.

"इम्युनिटी वाढवते" असं मात्र आम्ही लिहून देत नाही, कितीही मागे लागले तरी. पेशींवर दिसलं ते माणसात तसंच होतं असं नाही, शिवाय ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) असलेल्यांना किंवा किडनी बदललेल्यांना प्रतिकारशक्ती चेतवून कशी चालेल? गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस छापून आल्यात, म्हणून रिपोर्टच्या खाली तेही टाकतो. सेल्सवाला पोरगा यावर अजून कुरकुरतो.