लाकडाची खेप

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भाचा विचारतो, त्याचे मित्र विचारतात, ऑफिसातली पोरंही विचारतात: "एज ऑफ एम्पायर्समध्ये अर्धा अर्धा तास नुसती शेतं नि घरं काय लावत बसता? लढाई कधी करणार?"

या कॉम्प्युटर गेमचा १९९९ साली आलेला दुसरा भाग मी अजून खेळतो. त्यात एक गावकरी तयार व्हायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. गावकरी जिथून निघतात ते टाउन सेंटर मिनिटभर रिकामं राहिलं की दोन माणसं गेली, आणि डाव संपेपर्यंत ती जे पिकवणार-तोडणार होती तेही गेलं. पाच माणसांमागे लाकडाचं एक घर लागतं. ते बांधायचं राहिलं की नवा माणूस निघतच नाही.

पण माझा जीव अडकतो तो खेपेत. लाकूडतोड्या साधारण दहा लाकडं झाली की कॅम्पकडे, म्हणजे लाकूड टाकायच्या जागेकडे, निघतो. कॅम्प झाडांना चिकटून असला तर दोन पावलांत परत कुऱ्हाड चालू. झाडं मात्र तुटत जातात, रान मागे सरतं आणि कॅम्प जागचा हलत नाही. तोच माणूस मग निम्मा वेळ नुसता चालत असतो. पूर्णविरामाचं बटण दाबलं की रिकामा बसलेला गावकरी सापडतो; हा सापडत नाही, कारण तो कामावर आहे. त्याला डोळ्यांनीच शोधावं लागतं.

हे मी वडिलांकडून शिकलो. ते सियागंजात मुनीम होते. किराण्याचा तो ठोक बाजार इंदूर स्टेशनाला लागूनच. हम्मालाने किती पोती उचलली यापेक्षा दिवसात किती खेपा झाल्या, हे ते आधी विचारायचे.

आधी मी गाव कसं सरळ रांगांत, चौकोनी आखायचो. मग नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांच्याबद्दल वाचलं. होळकर दरबारासाठी त्यांनी केलेला इंदूरचा अहवाल १९१८चा. नकाशाआधी ते वस्त्यांतून पायी हिंडले. जुन्या गल्ल्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढणं त्यांना मान्य नव्हतं. एखादं पडकं घर काढावं, चौक मोकळा करावा, बाकीची वस्ती राहू द्यावी, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून माझं गाव लाकूड नि सोनं असेल तिकडे वाकडंतिकडं वाढतं, शेतं तेवढी टाउन सेंटरला बिलगून.

परवा भाचा हरत होता. घोडेस्वार काढायला लाकूड नको, पण शेतं नवी करायला लाकूड नाही आणि शेतं नाहीत म्हणून घोड्यांना अन्न नाही. मी एका लाकूडतोड्यावर बोट ठेवलं नि म्हटलं, "याची पावलं मोज." त्याने तोंडाने मोजली. अकरा जाताना, अकरा येताना. मग काही न बोलता १०० लाकडं घालून रानाच्या कडेला नवा कॅम्प टाकला, आणि पुन्हा त्याच माणसावर नजर लावून मोजायला लागला.

"मामा, दोनच!"