निरीक्षणाचा फॉर्म अजून बॅगेतच आहे

बीएडच्या दुसऱ्या वर्षाला १६ आठवडे इंटर्नशिप असते, छात्राध्यापक (शिक्षक होऊ पाहणारे आमचे विद्यार्थी) वर्गावर आणि आम्ही कॉलेजचे प्राध्यापक मागच्या बाकावर निरीक्षणाचा फॉर्म घेऊन. मंगळवारी येरवड्याकडच्या मनपाच्या एका शाळेत होते, पाचवीचा वर्ग, परिसर अभ्यास, अन्न टिकवण्याच्या पद्धती.

पाठ घेणारी आमची छात्राध्यापिका यवतमाळकडच्या तांड्यावरची, बंजारा. तिच्या पहिल्या सराव पाठावर मीच लाल पेनाने लिहिलं होतं, "उच्चार सुधारा, ळ आणि ण कडे लक्ष द्या." तिने काही न बोलता वही घेतली होती, ते मला आता फार आठवतं.

टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, अगदी नीट होतं. प्रस्तावना ५ मिनिटं, हेतुकथन, विवेचन, संकलन, स्वाध्याय, सगळं ३५ मिनिटांत बसवलेलं. घरी अन्न कसं टिकवतात विचारल्यावर पोरं फ्रिज, लोणचं, पापड सांगत होती. खिडकीपाशी एक मुलगी बसलेली, आईवडील बांधकामावर, जूनपासून वर्गात तोंड उघडलं नाही असं बाई सांगतात. आमच्या छात्राध्यापिकेने तिच्याजवळ जाऊन गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, काहीतरी विचारलं, मला त्यातला "याडी" एवढाच शब्द कळला, याडी म्हणजे आई.

आणि ती पोर बोलायला लागली ना, थांबेचना. आई मटणाला मीठ लावते, तुकडे दोरीवर वाळत घालते, पावसात आत घेते. मागून एक मुलगा "शी" म्हणाला. आमच्या छात्राध्यापिकेने त्याला रागावलं नाही, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, खारवणे, वाळवणे, आणि म्हणाली, पुस्तकातल्या दोन पद्धती हिने एका उत्तरात सांगितल्या, आता सांगा मिठामुळे नेमकं काय होतं? मीठ पाणी ओढून घेतं, मग जंतू वाढत नाहीत, हे पोरांकडूनच काढून घेतलं तिने. वीस वर्षांत असा प्रश्न मी फार कमी वेळा ऐकलाय. पण यात २० मिनिटं गेली, संकलन झालंच नाही, बेल झाली.

बाहेर आल्यावर शाळेच्या बाई म्हणाल्या, मटण कशाला आणलं वर्गात. आमचे एक सहकारी म्हणाले, परीक्षकासमोर असा पाठ दिला तर मार्क जातील, आणि नोकरीच्या मुलाखतीत तिचा ळ ऐकूनच नकार येईल. राग याचाच येतो की ते खोटं बोलत नाहीयेत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो शक्य तिथे मुलाच्या मातृभाषेत शिकवा, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही निदान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हणतं, आम्ही हे पेपरात १० मार्कांना विचारतो, आणि फॉर्मवर रकाना कुठला, तर "भाषाशुद्धता". कुणाची भाषा, कुणी शुद्ध ठरवलेली? सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी देतो आपण, हे डोक्यातून जात नाही.

बाकीचा फॉर्म भरलाय, तो रकाना कोराच आहे. काल ती छात्राध्यापिका पुढच्या पाठाचं टाचण दाखवायला आली, अपूर्णांक. समासात बारीक पेन्सिलीने गोरमाटी शब्द लिहिलेले, खोडता येतील असे. म्हटलं पेनाने लिही की. तर म्हणाली, "मॅडम, मग तुम्ही सही कराल ना त्यावर?"

सही केली मी. पण लाल पेनाची ती जुनी ओळ तिच्या वहीत तशीच आहे.