काळजीवाहक ते विशेष शिक्षिका: माझा अनुभव

बी.ए. झाल्यावर मी मालवण तालुक्यातल्या बौद्धिक अक्षम मुलांच्या एका शाळेत काळजीवाहक म्हणून लागले. मुलांना गाडीतून उतरवून घ्यायचं, डबा भरवायचा, शी-शू बघायची, संध्याकाळी परत गाडीत बसवायचं. शिकवायचं मात्र नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी परिषदेने मान्यता दिलेला कोर्स लागतो. एवढं शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. तो कोर्स कसा असतो, तिथे काय शिकवतात, हे सांगणारं आमच्या भागात मला कोणी भेटलं नाही. साधं बी.एड. केलेल्या मैत्रिणींना वाटायचं, त्यातच एखादा जादा विषय असेल. तसं अजिबात नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

वाटा दोन आहेत. बारावीनंतर विशेष डी.एड. आणि पदवीनंतर विशेष बी.एड. मी दुसरी धरली. दोन वर्षं, चार सत्रं. प्रवेश घेतानाच एक अपंगत्व निवडावं लागतं: श्रवण, दृष्टी, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता वगैरे. पदवीला ५० टक्के हवेत, राखीव गटांना सवलत आहे. महाराष्ट्रात साध्या आणि विशेष बी.एड.ची सीईटी एकच असते. १०० प्रश्न, ९० मिनिटं. बुद्धिमापन, सामान्य ज्ञान आणि शिक्षकी कल. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नये. कागदपत्रांचं म्हणाल तर डोमिसाइल, जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर यांतलं जे लागू असेल ते निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवावं. तहसीलला ऐन प्रवेशाच्या दिवसांत सगळा तालुका लोटलेला असतो.

कॉलेज मुंबईत मिळालं. कुडाळला रात्रीची कोकणकन्या पकडायची आणि पहाटे सीएसएमटीला उतरायचं, असं दोन वर्षं चाललं. हॉस्टेलचं, जेवणाचं काही लिहीत बसत नाही. ते सगळ्यांचंच सारखं असतं.

सुरुवातीचे बरेच पेपर सगळ्यांना सामाईक असतात. बालविकास, शिक्षणाचं तत्त्वज्ञान, समावेशित शिक्षण. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ तिथेच नीट वाचला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बौद्धिक अक्षमतेची व्याख्या नुसत्या बुद्ध्यंकावर थांबत नाही. रोजच्या जगण्यातली कौशल्यं, समाजात वावरणं हेही त्यात धरलेलं आहे. आमच्याकडे प्रमाणपत्रावरचा आकडा बघूनच मुलाचं भविष्य ठरवून टाकतात. मीही तेच ऐकत आले होते.

खरा कोर्स सुरू झाला तो मूल्यमापनाच्या, म्हणजे मुलाला काय येतं ते तपासण्याच्या, पेपरपासून. मद्रास विकासात्मक कार्यक्रम पद्धतीत, म्हणजे एमडीपीएसमध्ये, १८ क्षेत्रं आणि प्रत्येकात २० अशा ३६० बाबी. बेसिक-एमआर या दुसऱ्या तपासणीत वर्तन समस्यांचा वेगळा भाग. आणि मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली एफएसीपी. सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेवरच्या राष्ट्रीय संस्थेतून आलेली ही तपासणी सूची वैयक्तिक, सामाजिक, शैक्षणिक, व्यावसायिक आणि मनोरंजन अशा भागांत मुलाला काय येतं ते टिपते. प्रत्येक कौशल्यापुढे नुसतं ‘येतं’ किंवा ‘येत नाही’ लिहून भागत नाही. स्वतःहून करतो का, खुणेने करतो का, तोंडी सांगितल्यावर करतो का, हात धरून करवून घ्यावं लागतं का, की पूर्ण अवलंबून आहे, हे नोंदवायचं. आणि आणखी एक खूण असते, एनई. म्हणजे मुलाला ती गोष्ट करायची संधीच कधी मिळालेली नाही.

ही एनईची खूण मी आधी वरवर घेतली होती. कॉलेजच्या सरावशाळेत ती फार वापरावी लागली नाही, कारण तिथली मुलं लहानपणापासून शाळेत आलेली. तिसऱ्या सत्रानंतर आमच्या मार्गदर्शक बाईंनी परवानगी काढून दिली आणि इंटर्नशिपचा एक भाग मी गावाकडच्या शाळेत, तिथल्या नोंदणीकृत शिक्षिकेच्या देखरेखीखाली केला. केस स्टडीला तेरा वर्षांचा एक मुलगा घेतला. वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं मोठं जाळं ओढायला, जायचे, आई मासे विकायची. मी सूची घेऊन त्यांच्या घरी बसले. शर्ट घालतो का? ताट उचलून ठेवतो का? दुकानात जातो का? आई प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत होती: “बाई, तेका काय येवचा नाय. मीच करतंय सगळा.”

तिच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. तेरा वर्षं तिने मुलाला हातावर झेललं होतं. पण मी सूची भरत गेले तसतसं पान एनईने भरलं. त्याला अमुक येत नाही असं म्हणायला आमच्याकडे पुरावाच नव्हता, कारण कोणी त्याला ते करूच दिलं नव्हतं. आज मला कोणी विचारलं की दोन वर्षांत काय शिकलीस, तर मी हेच सांगेन. जे मूल करत नाही आणि ज्याला करू दिलं नाही, त्या दोघांच्या कागदावर वेगवेगळी नोंद झाली पाहिजे, कारण दोघांचं शिकवणं वेगळ्या जागी सुरू होतं.

शाळेत वर्गीकरणाचा पाठ घ्यायचा होता. कॉलेजातून आणलेले प्लास्टिकचे लाल-निळे चौकोन आणि गोल मी त्याच्यापुढे ठेवले. तो ते गोळा करून माझ्याच ओटीत टाकायचा. चौकोन का निवडायचे, याला त्याच्या जगात काही कारणच नव्हतं. मग आईशी बोलले. रोज सकाळी ती टोपली ओतते आणि बांगडे, तारले वेगळे करते, तेव्हा हा शेजारी बसलेला असतो. हात लावू देत नाही, कारण टोपलीत शिंगाळा असला तर काटा लागतो. भीती रास्त होती. म्हणून कामाचे टप्पे पाडताना पहिला टप्पा आईचाच ठेवला: शिंगाळे आधी तिने काढून घ्यायचे. मग टोपली समोर ओढणं, एकच मासा उचलणं, दोन परातींकडे बघणं, योग्य परातीत ठेवणं, पुढचा मासा उचलणं. दोन्ही परातींत नमुन्याला एकेक मासा आधीच ठेवलेला. सुरुवातीला मी त्याच्या हातावर हात ठेवून करवून घेतलं. मग कोपराला नुसता स्पर्श, मग “बघ, खंय?” (कुठे?) एवढंच, मग फक्त परातीकडे बोट. रोजच्या रोज तक्त्यात नोंद. उद्दिष्ट लिहिलं होतं, ‘दहापैकी आठ मासे तोंडी मदतीशिवाय योग्य परातीत ठेवेल’. बांगड्याची आणि तारलीची पिल्लं त्याला शेवटपर्यंत गोंधळात टाकायची, मोठे मासे मात्र जमले. उद्दिष्ट गाठलं तेव्हा आईने पहिल्यांदा मला विचारलं, “आता काय शिकवचा?” त्यानंतर शर्टाच्या बटणांना हात घातला. ते उलट्या क्रमाने शिकवलं: वरची सगळी बटणं मी लावून द्यायची, शेवटचं त्याने. ते आलं की शेवटची दोन त्याने. काम पुरं केल्याचं समाधान मुलाला पहिल्या दिवसापासून मिळतं, म्हणून ही पद्धत मला फार आवडते.

माशांचा पाठ परीक्षेला चालेल का, अशी धास्ती होती. चालला. बाह्य परीक्षकांनी चित्रं किंवा सजावट बघितली नाही, तक्ता मागितला. पहिल्या दिवसाची पातळी कुठली, मदत कधी कमी केली, का केली, एवढंच विचारलं. पाठाची टिपणं सुंदर अक्षरात काढण्यात रात्री घालवणाऱ्या मुलींना मी हे आवर्जून सांगते.

दुसऱ्या अपंगत्वाच्या शाळेत आणि सर्वसाधारण शाळेतही सराव असतो. एका सर्वसाधारण शाळेने आम्हाला ‘त्या मुलांमुळे बाकीच्यांचं नुकसान होतं’ असं तोंडावर सांगितलं. मनाला लागलं ते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिकला १० विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे १५ मागे एक विशेष शिक्षक हवा असं म्हटलं आहे. असा शिक्षक त्या शाळेत असता तर तिथलं उत्तर वेगळं आलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

कुटुंबाविषयीचा एक पेपर आहे. तो अनेक जण पासिंगपुरता वाचतात. कृपा करून तसं करू नका. गावात पालक तुम्हाला वर्गीकरणाबद्दल विचारणार नाहीत, ते विचारतील की आमच्यामागे याचं कोण? त्यावर उत्तर आहे. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे. त्याखाली १८ वर्षांनंतर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो, आणि निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं. अर्ज मराठीत समजावून सांगणारी एक बाई शाळेत असली की पालकसभेला गर्दी होते, हे मी बघितलं आहे.

निकालानंतर परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करायचा. दहावीचं प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, शुल्क. नाव सगळीकडे एकसारखं लिहिलेलं हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राचं आधीच बघावं, तिथेच अर्ज अडकतात. मग सीआरआर क्रमांक, म्हणजे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला आपला क्रमांक, येतो. ही नोंदणी कायमची नसते, तिचं नूतनीकरण करावं लागतं आणि मधल्या काळात मान्यताप्राप्त प्रशिक्षणं करून गुण जमवावे लागतात.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून कोणी जाणार असेल तर फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. कॉलेजला तुमच्या शैक्षणिक वर्षासाठी आणि बौद्धिक अक्षमता याच विषयासाठी परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः बघा, कॉलेजच्या फलकावर नाही. सरावशाळा कॉलेजची स्वतःची आहे की मुलं शोधत फिरावं लागतं? आणि इंटर्नशिपचा काही भाग आपल्या जिल्ह्यात करू देतात का? तिसऱ्याला ‘हो’ आलं तर ते कॉलेज घरापासून लांब असलं तरी घ्या.