कडी जरा उचलून लावा

नेरुळचं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. सिडकोची जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. सासूबाईंचे गुडघे जिन्यापुढे हरले, तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही खारघरला लिफ्टवाल्या इमारतीत भाड्याने राहायला गेलो. नेरुळच्या वन बीएचकेला एजंट महिना तेवीस हजारांचा भाडेकरू आणून देत होता. पण जानेवारीत नेरुळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड येणार होता. ह्यांच्या ऑफिसात कुणीतरी म्हणालं, "घर एअरबीएनबी ॲपवर टाका, रात्रीचे नऊ हजार सुटतील."

सुटले की! १८, १९ आणि २१ जानेवारीला कार्यक्रम होते, आमच्या चार रात्री भरल्या. छत्तीस हजार! ह्यांनी लगेच बारा महिन्यांचा गुणाकार करून टाकला. त्यातल्याच एका रात्री दीड वाजता समोरच्या काकूंचा फोन आला, "अगं, तुझी पोरं जिन्यात गातायत." माझी पोरं! सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी ह्यांना बोलावून घेतलं. मालक स्वतः राहत नसला की सोसायटी लावते तो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लागला, त्याचं काही नाही. तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेताच येत नाही, महिन्याला दोनशेच्या आतच बसतो. पण वीस वर्षं हळदीकुंकवाला ये-जा असलेल्या जिन्यात मान खाली घालून चढायचं, ते जड गेलं.

त्याआधी एक काम होतं, पाहुण्यांसाठी सूचना लिहायचं. मला वाटलं, अर्धं पान होईल. चार पानं झाली. बाथरूमची कडी जरा उचलून लावा. पाणी सकाळी सहा ते साडेसात, तेव्हा पिंप भरून घ्या. गिझरचं बटण फ्रिजच्या मागे आहे (का, ते विचारू नका). आपलं घर इतकं खोडकर आहे, हे राहताना कधी जाणवलंच नव्हतं; हाताला सगळं पाठ होतं.

देव्हारा खारघरला नेला. ओट्याशेजारच्या भिंतीवर निरांजनाच्या काजळीचा एक लांबट पट्टा उरला. रंगाचे दोन हात दिले तरी तो वर आलाच. पहिल्याच पाहुणीने लिहिलं, 'स्वयंपाकघरात डाग आहे.' एक तारा कापला.

फेब्रुवारीत फ्लेमिंगो बघायला एक जर्मन बाई आल्या. गोड स्वभाव, पोहे मागून खाल्ले. परदेशी माणूस उतरला की चोवीस तासांत सरकारला कळवायचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं! त्यासाठी आधी घरमालकाची नोंदणी, मग लॉगिन. रात्री अकरापर्यंत हे मोबाइलवर त्यांच्या पासपोर्टचा फोटो चढवत बसले होते. जीएसटीचं मात्र डोकं खावं लागलं नाही. आमची उलाढाल वीस लाखांच्या आसपासही नाही, तो कर ॲपवालेच भरतात.

वर्षाचा हिशोब सांगते. १३१ रात्री गेल्या, तीन लाख सत्तावीस हजार आले. त्यातून ॲपचं कमिशन दहा हजार, सफाई आणि धुणं बेचाळीस हजार, वीज-वायफाय तीस हजार. हातात दोन लाख पंचेचाळीस हजार. एसी आणि गाद्यांचे पंच्याऐंशी हजार वेगळेच. एजंटचा भाडेकरू ठेवला असता तर दोन लाख शहात्तर हजार आले असते, आणि मी एकही अभ्रा बदलला नसता. पावसाळ्यात तर घर रिकामंच. कोल्डप्ले काही दर महिन्याला येत नाही. घर भाड्याने देणं वेगळं आणि लॉज चालवणं वेगळं. आम्ही दुसरं करत होतो आणि पहिल्याच्या भरवशावर निवांत होतो.

जुलैत एकदा सफाईवाल्या ताई आल्या नाहीत म्हणून मीच गेले. काम आटपेपर्यंत पाऊस असा कोसळला की हार्बर लोकल बंद. खारघर तीन स्टेशनांवर, पण जाणार कशी? राहिले तिथेच. काकूंनी डबा दिला, पहिल्यांदाच जिन्याचा विषय न काढता. रात्री बाथरूमची कडी न बघता उचलून लावली आणि नव्या गादीवर झोपले. झोप मात्र लागली नाही, गादी फार मऊ.

सकाळी चादर काढून धुण्याच्या गाठोड्यात टाकली. संध्याकाळी ह्यांनी वहीत नोंद केली: 'चादर एक, अभ्रे दोन. पाहुणे: घरचे.'